कॅल्शियम रिॲक्टर आणि सीओटूचा संच निवडताना या चुका टाळा

रीफ टँकमधले (कोरल वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले) कठीण कोरल जोमाने वाढायला लागले, की डोसिंगचे, म्हणजे कॅल्शियम वगैरेची द्रावणं थोडी थोडी सोडायचे डबे पुन्हा पुन्हा भरण्याचा कंटाळा येतो आणि कॅल्शियम रिॲक्टरचा विचार डोक्यात शिरतो. मग शोध सुरू होतो तो रिॲक्टरच्या डब्याचा. ॲक्रिलिक किती जाड आहे, झाकण कसं बसतं, आतला पंप कोणाचा आहे, हेच बघितलं जातं. वास्तविक हा डबा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बिनडोक भाग आहे. आत अरागोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचे) खडे, त्यांतून फिरत राहणारं खारं पाणी आणि त्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू, एवढंच. वायूमुळे पाण्याचा पीएच साडेसहाच्या आसपास उतरतो, खडे हळूहळू विरघळतात आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) घेऊन ते पाणी टँकमध्ये पडतं.

बिघडतात ते दोन प्रवाह. आत येणारा वायू आणि डब्यातून जाणारं पाणी. यांपैकी एक जरी हलला तरी दुसऱ्याचं गणित चुकतं. म्हणून माझं मत सरळ आहे: बजेट ठरवताना आधी रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या वायूचा दाब उतरवणारं उपकरण) आणि पाण्याचा पंप निवडावा, उरलेल्या पैशांत डबा घ्यावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

खप न मोजता रिॲक्टर घेणं

‘इतक्या लिटरच्या टँकसाठी’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्याला फारसा अर्थ नाही. मऊ कोरलचा हजार लिटरचा टँक जेवढं कॅल्शियम खाणार नाही, तेवढं ॲक्रोपोरा या कठीण कोरलने भरलेला तीनशे लिटरचा टँक खातो. त्यामुळे आधी खप मोजा. डोसिंग दोन-तीन दिवस थांबवा, रोज ठरावीक वेळी अल्कलिनिटी तपासा आणि दिवसाला किती उतरते ते लिहून ठेवा.

समजा टँकमध्ये ४०० लिटर पाणी आहे आणि अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) उतरते. हा तोटा भरायला रोज साधारण ७ ग्रॅम अरागोनाइट विरघळायला हवं, म्हणजे वर्षाला अडीच किलोच्या आसपास. टँकची अल्कलिनिटी ८ आणि रिॲक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याची २५ धरली, तर दर लिटरमागे १७ ची भर पडते. ४०० ला १७ ने भागलं की दिवसाला साडेतेवीस लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १६ मिलिलिटर पाणी लागतं. हा एक आकडा हातात असला की पंप कोणता, डबा केवढा आणि सिलिंडर किती मोठा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

हेच गणित करताना कित्येकांच्या लक्षात येतं, की आपला खप दिवसाला पाव डीकेएचसुद्धा नाही. मग रिॲक्टर घेऊच नका. कालकवासर (चुन्याची निवळी) किंवा दोन बाटल्यांचं डोसिंग त्याला पुरतं. एवढ्या कमी खपावर रिॲक्टर इतका मंद चालवावा लागतो, की थेंब आणि बुडबुडे दोन्ही स्थिर ठेवणं जिकिरीचं होतं.

दोन गेज बघून ‘टू स्टेज’ समजणं

ही चूक इतकी सर्रास होते, की विकणाऱ्यांनाही कधीकधी फरक सांगता येत नाही. रेग्युलेटरवर दोन घड्याळं असली, की एक सिलिंडरमधला दाब दाखवतं आणि दुसरं बाहेर पडणारा. सिंगल स्टेज रेग्युलेटरवरही ती दोन असतातच. टू स्टेज म्हणजे आत दाब दोन टप्प्यांत उतरवणारी दोन वेगळी यंत्रणा. बाहेरून ती बऱ्याचदा दोन गोल फुगवट्यांवरून ओळखू येते.

फरक का पडतो? सिंगल स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब घसरला, की बाहेरचा दाब थोडा वाढतो. सिलिंडरमध्ये द्रवरूप सीओटू शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तसाच राहतो, त्यामुळे कित्येक महिने काहीच जाणवत नाही. द्रव संपला की दाब झपाट्याने पडतो, बाहेरचा वाढतो आणि स्वस्त नीडल व्हॉल्व्ह (वायूची धार बारीक करणारी तोटी) असेल तर बुडबुड्यांची धार लागते. रिॲक्टरमधला पीएच कोसळतो, खड्यांचा लगदा होतो, टँकचा पीएचही खाली येतो. टू स्टेजमध्ये हा प्रकार जवळजवळ होत नाही. सिंगल स्टेज आधीच घेतलेला असेल तर तो फेकून द्यायची गरज नाही. नीडल व्हॉल्व्ह चांगला बसवा आणि सिलिंडर पूर्ण रिकामा होण्याआधी बदला.

पण रिकामा होत आलाय हे कळणार कसं? गेजवरून नाही. २० अंश सेल्सियसला भरलेल्या सिलिंडरचा दाब सुमारे ८३० पीएसआय (दाबाचं एकक) असतो आणि निम्मा उरलेल्या सिलिंडरचाही तितकाच. ३० अंशांना तोच आकडा १००० च्या वर जातो, म्हणून उन्हाळ्यात काटा चढला की लोक उगाच घाबरतात. खरा हिशोब वजनाचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. सिलिंडर काट्यावर ठेवा आणि ते वजा करा.

नीडल व्हॉल्व्हबद्दल एकच कसोटी सांगतो. रात्री बुडबुडे मोजा, सकाळी परत मोजा. हात न लावता आकडा बदलत असेल तर तो व्हॉल्व्ह या कामाचा नाही. खरेदी करताना मुठीच्या एका फेऱ्यात प्रवाह किती बदलतो ते बघा. अर्ध्या फेऱ्यात शून्यापासून फवाऱ्यापर्यंत जाणारा व्हॉल्व्ह मत्स्यप्रेमींचं आयुष्य कमी करतो.

सिलिंडर आणि जोडणी

रेग्युलेटर मागवण्याआधी सिलिंडरच्या तोंडाचा आटा तपासा. अमेरिकेत सीजीए ३२० चालतो, युरोपच्या बऱ्याच भागात २१.८ मिलिमीटरचा डीआयएन आटा. पेंटबॉलच्या छोट्या सिलिंडरचं तोंड या दोन्हींपेक्षा वेगळं, पिन असलेलं. ‘जोर लावला की बसेल’ हा विचार उच्च दाबाच्या वायूशी करू नये.

अग्निशामक सिलिंडर जुगाडासाठी स्वस्तात मिळतो आणि इथे एक छुपी अडचण आहे. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते. सिलिंडर उभा असतानाही त्यातून वायूऐवजी थंडगार द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटरची वाट लावतो. ‘सायफन’ प्रकारच्या औद्योगिक सिलिंडरचंही तेच. साधा सिलिंडर आडवा ठेवला तरी परिणाम हाच, म्हणून तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा.

वॉशर दर वेळी नवा घाला. सिलिंडरच्या नटवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे गळती वॉशर थांबवतो, आटे नाही. सिलिंडर उघडण्याआधी रेग्युलेटरचा दाबाचा नॉब पूर्ण सैल करा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि बाहेरचा दाब १० ते ३० पीएसआयच्या दरम्यान उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवा. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. वर मोजलेल्या टँकला रासायनिक हिशोबाने दिवसाला ३ ग्रॅम सीओटू लागतो, प्रत्यक्षात त्याहून काहीसा जास्त. म्हणजे ५ किलोचा सिलिंडर वर्षभर सहज टिकायला हवा. तो महिन्याभरात संपला तर कोरलांनी खाल्लेला नाही, जोडातून गेलेला आहे.

आणि तो गेला कुठे, हा प्रश्न गमतीचा नाही. ५ किलो सीओटू म्हणजे सुमारे २.७ घनमीटर वायू. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच बंद खोलीत तो एकदम सुटला तर हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ जातं. चार टक्क्यांनाच जिवाला तातडीचा धोका मानला जातो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो. मोठा सिलिंडर झोपायच्या खोलीत किंवा तळघरात असेल, तर सीओटूचा अलार्म हा खर्च टाळू नका.

नळी सिलिकॉनची नको. ती मऊ असते, हाताळायला छान, पण तिच्या भिंतीतून सीओटू निसटत राहतो. पॉलियुरेथेनची घ्या. बबल काउंटर (बुडबुडे मोजायची पाण्याची छोटी कुपी) आणि रिॲक्टरच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर दाब उतरल्यावर खारं पाणी उलटं सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे वायू चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपर्यंत पोहोचतं. काउंटरमधलं पाणी कोरड्या वायूने उडून जातं. त्याऐवजी ग्लिसरीन वापरलं की सारखं भरावं लागत नाही. आणि ‘मिनिटाला इतके बुडबुडे ठेव’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. प्रत्येक काउंटरमधल्या बुडबुड्याचा आकार निराळा असतो.

पाण्याचा प्रवाह गृहीत धरणं

रेग्युलेटरवर भरपूर खर्च करून पाणी मात्र रिटर्न पंपाच्या (टँकमध्ये पाणी परत नेणाऱ्या पंपाच्या) फाट्यावरून, प्लास्टिकच्या छोट्या तोटीने थेंब-थेंब सोडणारे पुष्कळ आहेत. तोटीत गाळ अडकतो, थेंब मंदावतो. वायू मात्र पूर्वीइतकाच येत असतो. कमी पाण्यात तेवढाच वायू, म्हणजे पीएच खाली. मग मालक बुडबुडे कमी करतो. चार दिवसांनी तोटी साफ केली की पाणी दुप्पट, अल्कलिनिटी अर्धी. महिनाभर हा खेळ चालतो आणि दोष रिॲक्टरला दिला जातो.

उपाय पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे रोलरने नळी दाबत ठरावीक पाणी पुढे ढकलणारा पंप. तोही सतत चालण्यासाठी बनवलेला. दिवसातून काही मिनिटं चालणारा साधा डोसिंग पंप इथे जुंपला तर त्याची नळी आणि मोटर लवकर थकतात. पंपावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा मापाच्या भांड्यात मिनिटभर पाणी धरून बघा.

पीएच कंट्रोलरवर डोळे मिटून विश्वास

कंट्रोलर सोलेनॉइड चालू-बंद करतो, पण तो जे वाचतो ते प्रोब (पाण्यात बुडवलेला पीएच मोजणारा दांडा) सांगतो म्हणून. प्रोब भरकटला आणि खरा पीएच ६.२ असताना ६.६ दाखवू लागला, तर कंट्रोलर प्रामाणिकपणे वायू सोडत राहील. टँकसाठी ७ आणि १० च्या द्रावणांनी कॅलिब्रेशन करायची सवय असते. रिॲक्टरचा प्रोब ४ आणि ७ ने करा, कारण त्याला त्याच पट्ट्यात काम करायचं आहे. बाहेर पडलेलं पाणी कपात घेऊन पीएच मोजण्यात अर्थ नाही, वायू उडून आकडा चढतो.

नीडल व्हॉल्व्ह असा लावा, की सोलेनॉइड उघडाच अडकला तरी पीएच धोक्याच्या पातळीखाली जाणार नाही. कंट्रोलर ही अशा वेळी राखीव सुरक्षा राहते, रोजचं स्टिअरिंग नाही. प्रोब खरं बोलतोय का, हे रिॲक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी सांगते. ती साधारण २० ते ३० डीकेएच असावी. टेस्ट किट तिथवर जात नसेल तर पाणी आरओच्या पाण्यात निम्मं मिसळा आणि आकडा दुप्पट करा.

चालू झाल्यावरच्या तक्रारी

बदल एका वेळी एकच करा आणि परिणाम बघायला पूर्ण दिवस द्या. बुडबुडे आणि पाणी दोन्ही एकदम फिरवलं तर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

‘रिॲक्टर लावूनही कॅल्शियम ३६० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर जात नाही.’ जाणारही नाही. रिॲक्टर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरावीक प्रमाणात देतो, दर १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम. आधीची तूट त्याने भरायला गेलात तर अल्कलिनिटी आकाशाला भिडेल. कॅल्शियम क्लोराइडने पातळी आधी ४२० च्या आसपास आणा, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ आहे ना ते पाहा, मग रिॲक्टरवर सोपवा. रोजच्या देखरेखीलाही अल्कलिनिटीच धरा, कारण ७ पीपीएमचा फरक घरगुती कॅल्शियम किटला दिसतच नाही.

‘टँकचा पीएच ७.८ वर अडकलाय.’ आम्लधर्मी पाणी सतत पडतंय, तर थोडा उतार होणारच. ते स्किमरच्या (फेसाने घाण काढणाऱ्या उपकरणाच्या) तोंडाशी सोडा म्हणजे जास्तीचा वायू तिथेच उडतो. दुसरा, बिनवायूचा खड्यांचा कप्पा जोडला तर उरलेला सीओटू तिथे कामी येतो. रात्री थोडं कालकवासर दिलं तरी चालतं. बफर पावडर मात्र नको, अल्कलिनिटी तुम्ही आधीच भरताय.

‘खड्यांचा लगदा झालाय.’ पीएच फार खाली गेला होता, किंवा खडे फार बारीक होते. जाडसर अरागोनाइट घ्या. संगमरवराचा चुरा स्वस्त असला तरी तो कॅल्साइट आहे, सहज विरघळत नाही. भरण्याआधी खडे धुवा आणि पहिल्या आठवड्यात रिॲक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्यातलं फॉस्फेट तपासा. कोरलच्या सांगाड्यापासून मिळणाऱ्या खड्यांत ते कमी-जास्त असतं आणि शेवाळ आल्यावर त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही.

‘पंप खडखडतोय.’ वरच्या भागात वायू साचून तो पंपात ओढला जातोय. झाकणावरचा बारीक स्क्रू सैल करून वायू सोडा, बुडबुडे थोडे कमी करा. सीओटू बंद ठेवूनही दुसऱ्या दिवशी तिथे पोकळी दिसली, तर तो सीओटू नाही, बाहेरची हवा आहे. पाणी ओढणाऱ्या नळीचा जोड कुठेतरी हवा खेचतोय किंवा सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) त्या नळीचं तोंड बुडबुड्यांच्या झोतात आहे. नळी शांत पाण्याच्या कप्प्यात हलवा आणि जोड बदला.