पावसाळ्यात गाडीला वॅक्स लावताना बोटाची एक रेघ
सोलापूरचा पाऊस म्हणजे तासभर सर आणि मग लगेच चटका. बॉनेटवरचे थेंब तिथेच वाळून धुळीचे गोल डाग उरतात. त्यात बोअरच्या पाण्याने धुतली तर क्षारांचे पांढरे ठिपके वेगळेच.

वॅक्स लावलेल्या पत्र्यावर पाणी पसरून बसत नाही, मणी होऊन घरंगळतं. पण दमट हवेत ते लावायची रीत थोडी वेगळी:

१. उघडीप मिळाली की सकाळी, सावलीत गाडी धुवा. आधी नुसतं पाणी मारून चिखल भिजू द्या. वाळलेल्या मातीवर कोरडं फडकं फिरवलं की चरे पडलेच.

२. मायक्रोफायबरने टिपून घ्या. आरशांखाली आणि दारांच्या फटीत पाणी दडलेलं असतं. नेमकं वॅक्स पुसताना ओघळतं.

३. एका वेळी एकच भाग, अगदी पातळ हात. जाड थर जास्त टिकतो हा गैरसमज, पुसताना दंड तेवढे भरून येतात.

४. आता घाई नको. वॅक्सवर बोटाने रेघ ओढा. खाली स्वच्छ चकचकीत पत्रा दिसला तर पुसायला घ्या. रेघ चिकट, फरकटलेली आली तर थांबा. वाळायला उन्हाळ्यापेक्षा दुप्पट वेळही लागतो कधी कधी.

पुढच्या सरीत टपावर पाण्याचे मणी दिसतील. ते पसरट व्हायला लागले की पुन्हा एक हात.

समोरच्या काचेला मात्र वॅक्स लागू देऊ नका. मोहोळ गावाजवळ एकदा रात्री वायपर फिरवला आणि समोरच्या दिव्यांत काच अशी दुधाळ झाली की गाडी बाजूलाच घ्यावी लागली.