रेल्वे मॉडेलचा डबा उघडून आत बर्थ कसे बसवायचे

एचओ स्केलचा (खऱ्याच्या 87 पट लहान, म्हणजे 1:87) तयार डबा हातात घ्या आणि खिडकीतून आत टॉर्च मारा. बहुतेक वेळा आत एकाच रंगाची प्लॅस्टिकची अखंड पट्टी दिसते आणि तिच्यावर सीटच्या आकाराचे उंचवटे. बाहेरून रिव्हेट, पाट्या, पायऱ्या सगळं जिथल्या तिथं आणि आत मात्र शुकशुकाट. हे बदलता येतं, पण त्यासाठी आधी डबा न मोडता उघडता आला पाहिजे. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम तेवढंच आहे. आतली रंगरंगोटी कुणालाही जमते. उघडताना घाई केली तर जी भेग पडते ती मात्र कायमची.

मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅपा, ब्रिज हे रोजचं. त्यामुळं मेण कोरायची बारीक हत्यारं हाताशी असतात आणि प्लॅस्टिक कुठं लवेल, कुठं तडकेल याचा बोटांना अंदाज असतो. पुढं जे सांगते आहे त्याला लॅब लागत नाही, घरातल्या टेबलावर होण्यासारखं आहे.

सुरुवातीला कुठलंही हत्यार उचलू नका. टॉवेलची घडी करा, तिच्यावर डबा उलटा ठेवा आणि नुसतं बघा. डबे साधारण तीन प्रकारे बंद केलेले असतात. काहींचं छप्पर वेगळं असतं आणि ते बाजूच्या भिंतींत खटक्यांनी बसवलेलं असतं. काहींत छप्पर आणि भिंती मिळून एकच टोपण असतं आणि खालची फ्रेम त्यात आतून अडकवलेली असते. तिसऱ्या प्रकारात स्क्रू असतात, आणि ते बऱ्याचदा बोगीखाली लपलेले असतात (इथं बोगी म्हणजे डबा नव्हे, त्याच्या खालचा चाकांचा गाडा). बोगी आडवी फिरवून बघा, नाही दिसले तर बोगी काढून बघा. स्क्रू ठेवून कितीही ओढलं तरी डबा उघडत नाही, तुटतो.

स्क्रू नसतील तर दोन बोटांनी भिंती मधोमध हलकेच दाबा. जिथं केसाएवढी फट उघडते आणि मिटते, तो तुमचा जोड. आता टॉर्च परत खिडकीतून मारा. खटके आतून दिसतात, काचेच्या पट्टीवर किंवा भिंतीच्या खालच्या कडेला छोटे दात असतात. ते कुठं कुठं आहेत ते मोजून भिंतीच्या बाहेरून मास्किंग टेपचे तुकडे लावून खुणा करा. खटका कुठं आहे हे कळलं की जोर फक्त तिथंच लावायचा.

फ्रेम खालून अडकवलेली असेल तर ओएचपी शीटच्या (पारदर्शक पातळ प्लॅस्टिकच्या) बोटभर रुंद पट्ट्या कापून घ्या. लग्नपत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागदही चालतो. भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये प्रत्येक खटक्यापाशी एक पट्टी सरकवायची, दोन्ही बाजूंनी. पट्ट्या बसल्या की खटके खाचेतून बाहेर येऊन पट्टीवर टेकतात आणि भिंत जराशी फाकलेली राहते. मग एका टोकाकडून फ्रेम ओढायला लागा. मधून सुरुवात करू नका, फ्रेम वाकते. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर जोडात घालायचा मोह होतो, पण धातूच्या टोकानं कडेला जो खड्डा पडतो तो डबा बंद केल्यावरही दिसत राहतो.

छप्पर वेगळं असेल तर बहुतेक वेळा खटके काचेच्या पट्टीवरच असतात. खिडक्यांची काच अंगठ्यानं किंचित आत दाबली की दात सुटतो आणि छप्पर तेवढ्या जागी वर येतं. तिथं एक काडी अडकवून ठेवा आणि पुढच्या खटक्याकडे जा. दोन डब्यांच्या मधला रबरी किंवा प्लॅस्टिकचा पडदा आणि छपरापासून भिंतीपर्यंत गेलेले दांडे आधी काढून ठेवा. छप्पर उचलताना पहिला बळी त्यांचाच जातो.

थंडीत एक काळजी घ्या. डिसेंबरात मिरजेत सकाळी प्लॅस्टिक अगदी ठिसूळ वागतं. डबा दहा मिनिटं उन्हाजवळच्या टेबलावर ठेवा, किंवा हेअर ड्रायर कमी गरमीवर ठेवून हातभर अंतरावरून फिरवा. आपल्या तळहाताला जेवढं सोसवतं त्याच्या वर जायचं नाही.

कुणीतरी आधी चिकटवलेला जुना डबा असेल तर जोडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबानं सोडा, थांबा आणि मग पट्टी चालवून बघा. काही गोंद त्यानं सुटतात. पण अल्कोहोल काही रंगही उचलतं, म्हणून आधी डब्याच्या तळाशी एक थेंब टाकून बघा. ॲसिटोन मात्र जवळसुद्धा आणायचं नाही, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. आमच्या लॅबमधलं ॲक्रिलिकचं लिक्विडही तेच करतं. आणि सॉल्व्हंटनं एकजीव केलेला जोड असेल तर सोडून द्या, तो सुटणार नाही.

डबा उघडला की फोटो काढा. छप्पर बऱ्याचदा एकाच दिशेनं बसतं, म्हणून आतून पेन्सिलीनं बाण करून ठेवा. फरशीवर लोखंडाची पट्टी असेल तर ती वजनासाठी असते, फेकू नका. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी 1 औंस (साधारण 28 ग्रॅम) आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. आपला आयसीएफचा (पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा 21.3 मीटर, म्हणजे 1:87 मध्ये साधारण 245 मिलिमीटर. त्याला 165 ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. आत भर घातल्यावर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून बघा.

आता आतलं. मी करते ते आयसीएफचे स्लीपर, कारण महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबईला जायचं म्हणजे कित्येक वर्षं आमच्यासाठी तोच डबा. पेरांबूरच्या कारखान्यानं 1955 पासून 2018 पर्यंत हे डबे बनवले. (एचओच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मिलिमीटर, ते परदेशी 1435 मिलिमीटरच्या गेजसाठी. आपलं 1676 चं ब्रॉडगेज त्या मापात 19.3 येतं. म्हणजे भारतीय डबा या रुळांवर जरा अरुंद पायांवर उभा दिसतो. मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजचे रूळ होते, त्यामुळं आम्हाला हे चटकन डोळ्यांत भरतं. तरी मी ते चालवून घेते.)

स्लीपरमध्ये 72 बर्थ, आठ-आठचे नऊ खण. माप खिडक्यांवरून घ्या. दर दोन खिडक्यांनंतर एक आडभिंत येते. आतली रुंदी मोजायची, बाहेरची नाही, कारण मॉडेलच्या भिंतीची जाडी खऱ्या पत्र्याच्या मानानं फार असते. साधारण 34 ते 35 मिलिमीटर जागा मिळते. त्यात 21 चे आडवे बर्थ, साडेसहाची वाट आणि उरलेल्यात साइडचे बर्थ.

बर्थसाठी मुदत संपलेली एटीएम कार्डं जमवा. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर, म्हणजे 87 पटीत 66 मिलिमीटर, बर्थच्या गादीला शोभेल इतकी. कटरनं दोनदा रेघ मारायची आणि वाकवून तोडायचं. कडा बारीक पॉलिश पेपरवर गोल करा, रेक्झिनची गादी कडेला कधीच टोकदार नसते. रंग मॅट ॲक्रिलिक निळा. तो वाळल्यावर बसायच्या जागी जरा फिकट निळा कोरड्या ब्रशनं घासा, म्हणजे माणसांच्या वापरानं झिजलेलं दिसतं. भिंती फिकट पिवळसर, फरशी करडी.

इथं एक गोष्ट आधी ठरवा, दिवस की रात्र. मिडल बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 एवढाच उघडायचा, असा रेल्वेचा नियम आहे. दिवस असेल तर मिडल बर्थ पाठीला टेकलेला हवा आणि साइड लोअरच्या जागी समोरासमोर दोन सीट. रात्र असेल तर तिन्ही उघडे, आणि वर निळा नाइट लॅम्प. दोन्हींची सरमिसळ झाली तर आपल्याकडचा कुणीही प्रवासी लगेच ओळखतो.

खिडकीतून आत जेमतेम सेंटिमीटरभरच नजर जाते, त्यातून आडवे गज आहेत. म्हणून बारकावे खिडकीलगत ठेवा. गजाला वाळत घातलेला टॉवेल, पाण्याची बाटली, खिडकीवर टेकलेलं कोपर. पलीकडच्या बाजूला नुसता रंग पुरतो. माणसं उभी 19 मिलिमीटरची असतात. बसलेल्यांचे पाय बऱ्याचदा समोरच्या बर्थला अडतात, ते गुडघ्यापासून कापा, खिडकीतून दिसत नाहीत.

माझ्या प्रत्येक डब्यात एका खिडकीजवळ गवसणीतला तंबोरा असतो. तंबोरे आमच्या मिरजेत बनतात, म्हणून मिरजेहून निघालेल्या गाडीत तो असायलाच हवा, असं मला वाटतं. भोपळ्यासाठी अर्धा धणा घ्यायचा, चपटी बाजू खाली. दांडीसाठी टूथपिकचा चौदा मिलिमीटरचा तुकडा, एका टोकाला किंचित निमुळता. दोन्ही फेव्हिकॉलनं जोडायचं आणि वाळल्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून वरून गुंडाळायचा. ओला असतानाच चिमट्यानं मानेपाशी दोन चुण्या पाडल्या की कापड वाटतं. रंग गडद तांबडा. खालच्या बर्थवर कोपऱ्यात उभा टेकवायचा, शेजारी सांभाळणारं माणूस.

काचेजवळ इन्स्टंट गोंद वापरू नका. त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. तिथं फेव्हिकॉलच.

दिव्यांसाठी 12 व्होल्टची वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, चाकांवरून करंट घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा, ब्रिज रेक्टिफायर (गाडी कुठल्याही दिशेनं गेली तरी पट्टीला करंट एकाच दिशेनं देणारा भाग) आणि करंट कमी करायला एक किलोओहमच्या पुढचा रेझिस्टर. पूर्ण उजेडात डबा दुकानासारखा दिसतो, म्हणून रेझिस्टर वाढवत उजेड उतरवा. छप्पर आतून आधी काळं, मग पांढरं रंगवा, नाहीतर प्लॅस्टिकमधून उजेड पाझरतो.

बंद करताना गोंद नाही. खटके आहेत ते पुरे आहेत. बल्ब गेला, माणूस पडलं, की पुन्हा उघडता आलं पाहिजे. वायरला बोटभर ढील ठेवा, म्हणजे छप्पर उचलल्यावर बाजूला ठेवता येईल. मग डबा तुमच्याकडच्या सगळ्यात अरुंद वळणावरून दोन्ही दिशांना हळू चालवा. एका बाजूला कलत असेल तर आडव्या बर्थांचं वजन तिकडं जास्त झालंय, साइड बर्थच्या खाली पत्र्याची पट्टी चिकटवून तोल साधा. दांडे आणि पडदा हे सगळं झाल्यावर, शेवटी लावा.