अलॉटमेंटचा चिखल झालाय? मग आधी वाफसा बघा

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024 हे 18 महिने 1836 पासूनच्या नोंदींमधले सगळ्यात ओले ठरले, साधारण 1,700 मिमी. रत्नागिरीचा माणूस हसेल, त्याच्याकडे एका पावसाळ्यात याहून जास्त पडतो, पण तिकडे उघडीप मिळाली की ऊन जमीन सुकवतं आणि इथे हिवाळ्यात ऊन म्हणजे नावाला, त्यात आमची चिकणमाती, पडलेलं पाणी जाणार कुठे? अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, तर माझ्या अर्ध्या प्लॉटचं, म्हणजे जेमतेम 125 चौरस मीटरचं, त्या मार्चमध्ये भाताचं खाचर झालं होतं.

तर पहिलं काम म्हणजे वाफसा बघणं, म्हणजे माती कामाजोगी सुकली का ते बघणं. बोटभर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर लागा कामाला. चकली पाडता येईल अशी वळली तर डब्यातला चहा प्या आणि घरी जा, खरंच जा. मी नाही गेलो. सुट्टीचा दिवस होता, फावडं हातात होतं, अख्खा वाफा खणून काढला आणि मे महिन्यात त्याची ढेकळं विटांसारखी झाली, गाजरं आली ती बोटाएवढी आणि दोन पायांची. ओल्या मातीत पाय दिला की तिच्यातली हवाच निघून जाते, त्यामुळे जाणं अगदीच गरजेचं असेल तर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं.

मग पाण्याला वाट करून द्या. वाफ्यांच्या मधल्या वाटेत वीतभर खोल चर मारा आणि निघालेली माती वाफ्यावरच चढवा, गादीवाफा आपोआप तयार होतो. कंपोस्ट वरून पसरायचं, खणून आत घालायचं नाही. फक्त चराचं तोंड शेजाऱ्याच्या प्लॉटकडे नको, बांधावरची भांडणं इथेही होतात बरं का, फक्त सॉरी म्हणत म्हणत होतात. आणि पावसाचं नाही तर नदीचं किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर कच्ची खायची पालेभाजी सरळ टाकून द्या.

पेरणीची घाई नको. थंड ओल्या मातीत बी उगवायच्या आधी कुजतं. मटार, बीन्स घरात खिडकीपाशी ट्रेमध्ये लावा, मेथी-कोथिंबीर थांबू दे.

आता गोगलगायी, त्यातही बिनशंखाच्या, म्हणजे स्लग. ओल्या वर्षात खरा शत्रू हाच. पूर्वीच्या निळ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाहेर वापरायला 2022 पासून बंदी आहे, शेडमध्ये जुना डबा पडला असेल तर वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. नेमाटोड, म्हणजे स्लगना मारणारे सूक्ष्म कृमी, पाण्यात कालवून घालायचे असतील तर मातीचं तापमान 5 अंशांच्या वर हवं, नाहीतर पैसे पाण्यात. बाकी अंधार पडल्यावर टॉर्च आणि बादली घेऊन वेचणं, बायको म्हणते खेकडे पकडायला निघालात का. रोपं मात्र चांगली वीतभर झाल्याशिवाय बाहेर लावू नका, कोवळं रोप एका रात्रीत फस्त होतं.

शेवटी बटाट्यावरचा करपा. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा वर आणि दोन्ही दिवशी निदान 6 तास हवेत 90 टक्के दमटपणा, असं झालं की रोज पानं उलटून बघायची. तपकिरी डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर पाला जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर काढा, बटाटे मात्र दोनेक आठवडे मातीतच राहू द्या, साल घट्ट होते आणि पाल्यावरची बुरशी काढताना बटाट्याला लागत नाही. टोमॅटोलाही हाच रोग लागतो म्हणून दोघं शेजारी नकोत. करपा यायच्या आत निघणारा लवकरचा बटाटा लावला तर निम्मी कटकट वाचते, नाहीतर सार्पो मीरा लावा, तो करप्याला बऱ्यापैकी पुरून उरतो. फक्त पिठूळ असतो, वड्याला झकास, पातळ रश्श्यात घातला तर शोधत बसावं लागतं.