गिझर आणि बंब, सकाळच्या पाण्याचा हिशोब

लाईट बिल वाढलं की आपण ट्यूबलाईट बंद करत फिरतो, पण आधी बाथरूममधला गिझर बघा. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास तापला की 1 युनिट गेलं, आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशावरच बनते त्यामुळे त्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. आमचा नॉब कायम 75 वर असायचा, मग बादलीत गार पाणी ओतायचं, म्हणजे तापवणार पण आपणच नि निववणार पण आपणच! आता 55-60 वर ठेवलाय, सगळे एकामागोमाग आंघोळीला जातात आणि शेवटचा माणूस बटण बंद करून येतो (हे मुलांना शिकवायला दोन महिने लागले).

गावी आईकडे बंब. तिथे युनिट नाही पण धूर आहेच. ओलं लाकूड घातलं की बरीच आग त्यातला ओलावा उडवण्यातच जाते, म्हणून आई तुराट्या पावसाआधीच पडवीत रचून ठेवते आणि रोज सकाळी आधी जाळीखालची राख ओढून काढते, हवा खेळली की जाळ चांगला लागतो अन् दोन-तीन लाकडं तरी वाचतात.