नेगेलेचा नियम: प्रसूतीची तारीख हातानं कशी काढायची आणि ती कुठे चुकते

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात ७ दिवस मिळवा, तिथून ३ महिने मागे या आणि वर्ष एकानं वाढवा. आलेली तारीख म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख, दवाखान्याच्या कागदावर जिला ईडीडी म्हणतात ती. मोबाइलवरचं अ‍ॅप असो, डॉक्टरांच्या टेबलावरची गोल तबकडी असो की सोनोग्राफी मशीन, पाळीवरून तारीख काढताना मुळाशी साधारण २८० दिवसांचं हेच माप असतं. एकदा ते हातानं मांडता आलं की अ‍ॅपनं दिलेली तारीख पटण्याजोगी आहे का, हे तपासता येतं.

नियमाला नाव मिळालं ते फ्रान्झ कार्ल नेगेले यांचं. जन्म १२ जुलै १७७८, ड्युसेलडॉर्फ. स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि बाम्बेर्ग इथे शिक्षण झालं, १८०० मध्ये बाम्बेर्गची डॉक्टरेट मिळाली आणि पुढची काही वर्षं त्यांनी बार्मेन या गावी वैद्यकी केली. १८०७ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात आले आणि १८१० मध्ये प्रसूतिशास्त्राचे पूर्ण प्राध्यापक आणि तिथल्या प्रसूतिगृहाचे प्रमुख झाले. त्यांच्या आधी तिथे हा विषय शिकवणारे फ्रान्झ अँटोन माय हे त्यांचे सासरे. नेगेले पुढे हायडेलबर्ग सोडून कुठेही गेले नाहीत. २१ जानेवारी १८५१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

तारखेचा नियम लोकांपर्यंत पोहोचला तो प्रामुख्यानं त्यांच्या सुईणींसाठीच्या पाठ्यपुस्तकातून. १८३० मध्ये निघालेल्या या पुस्तकाच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या झाल्या. पुस्तक कुणासाठी होतं हे लक्षात ठेवलं तर नियमाचा साधेपणा उलगडतो. तेव्हा लघवीची तपासणी नव्हती, सोनोग्राफी तर फारच पुढची गोष्ट. बाळाचे ठोके कान लावून ऐकण्याची पद्धतही नवीच होती. नेगेलेंचे चिरंजीव हेर्मान यांनी १८३८ मध्ये त्याच विषयावर पुस्तक लिहिलं. सुईणीच्या हाताशी होती बाईनं सांगितलेली पाळीची तारीख, पोटावर ठेवलेला हात आणि बाळ पहिल्यांदा हललं तो दिवस. अशा वेळी दिवस मोजण्यापेक्षा महिन्यांवर उडी मारणारा हिशेब तोंडी करायला सोपा.

कल्पना मात्र मुळात नेगेलेंची नाही. लायडनचे हेर्मान बूरहाव (१६६८–१७३८) यांनी ती आधीच मांडली होती: पाळीनंतर एक आठवडा सोडा आणि तिथून नऊ महिने मोजा. नेगेलेंनी त्याचं श्रेय बूरहाव यांना दिलं आहे. पण आठवडा पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचा की शेवटच्या, हे दोघांच्याही लिखाणात नीट स्पष्ट नाही. पाळी पाच दिवसांची धरली तर उत्तरात चारेक दिवसांचा फरक पडतो. आज सगळीकडे पहिलाच दिवस धरतात, म्हणून तुम्हीही तोच धरा. पहिला दिवस म्हणजे नेहमीसारखा रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचे दोन तपकिरी डाग मोजू नका.

हिशेब मांडताना

समजा पाळी ८ ऑगस्ट २०२५ ला आली. ७ मिळवले की १५ ऑगस्ट. तीन महिने मागे, १५ मे. वर्ष एक पुढे: १५ मे २०२६.

घोळ होतो तो वर्षात. पाळी १० फेब्रुवारी २०२६ ची असेल तर १७ फेब्रुवारीवरून तीन महिने मागे जाताना आपण १७ नोव्हेंबर २०२५ ला पोहोचतो. त्यात एक वर्ष मिळवलं की १७ नोव्हेंबर २०२६. महिने मागे नेताना वर्ष बदललं हे विसरलं की माणूस २०२७ लिहून मोकळा होतो. उलट टोकाचं उदाहरण २७ डिसेंबर २०२५ चं. ७ मिळवताच ३ जानेवारी २०२६, मागे ३ ऑक्टोबर २०२५, पुढे ३ ऑक्टोबर २०२६. शंका आली तर एक खूण पुरते: पाळीपासून प्रसूतीपर्यंत नऊ महिने आणि वर एक आठवडा झाला पाहिजे. बोटांवर महिने मोजून पाहा.

क्रमही पाळा. आधी दिवस, मग महिने. २५ मे घेतली तर या क्रमानं १ जून आणि मग १ मार्च येते. आधी महिने मागे घेतले तर २५ फेब्रुवारी आणि त्यात ७ म्हणजे ४ मार्च. एकाच पाळीच्या दोन तारखा, तीन दिवसांचं अंतर. २८० दिवस मोजले तर बरोबर ठरते १ मार्च.

हे होतं कारण महिने सारखे नसतात. ‘नऊ महिने सात दिवस’ म्हणजे लीप नसलेल्या वर्षात कधी २८० दिवस, तर कधी २८३. नेमके २८० हवे असतील तर एक छोटी दुरुस्ती पाठ करा. ७ दिवस मिळवल्यावर आलेली तारीख मार्च किंवा एप्रिलमध्ये पडत असेल तर अंतिम उत्तरातून २ दिवस वजा करा, मेमध्ये पडत असेल तर ३, जुलै किंवा डिसेंबरमध्ये पडत असेल तर १. बाकीच्या महिन्यांत काहीच करायचं नाही. ७ दिवस मिळवून आलेली तारीख आणि प्रसूती यांच्यामध्ये २९ फेब्रुवारी येत असेल तर आणखी १ कमी. उदाहरणार्थ पाळी १० मेची: १७ मे, मागे १७ फेब्रुवारी, वजा ३, म्हणजे १४ फेब्रुवारी.

कधी कधी अस्तित्वात नसलेली तारीख येते. २४ मेवरून ३१ मे आणि तिथून ‘३१ फेब्रुवारी’. अशा वेळी जादाचे दिवस पुढच्या महिन्यात सांडू द्या (लीप नसलेल्या वर्षी ३ मार्च) आणि मग वरची दुरुस्ती करा. २८ फेब्रुवारी येईल आणि ती २८० दिवसांशी जुळेल.

तबकडी वापरत असाल तर तिच्यावर फार विसंबू नका. मधली खीळ सैल झाली की वरची चकती एक-दोन दिवस सरकते आणि लीप वर्ष तिला कळत नाही. दोन वेगळ्या तबकड्यांवर एकच पाळी लावून पाहा, उत्तरं वेगळी यायचीच शक्यता जास्त.

चक्र २८ दिवसांचं नसेल तर

हा नियम धरून चालतो की चक्र २८ दिवसांचं आहे आणि बीज १४व्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडतं. चक्र लांब असलं तर लांबतो तो मुख्यतः बीज बाहेर पडेपर्यंतचा काळ. नंतरचा काळ बराचसा स्थिर, साधारण १४ दिवसांचा असतो. म्हणून दुरुस्ती सरळ आहे: चक्राच्या दिवसांतून २८ वजा करा आणि जे उरेल ते तारखेत मिळवा. ३५ दिवसांच्या चक्राला तारीख ७ दिवस पुढे, २४ दिवसांच्या चक्राला ४ दिवस मागे.

ही दुरुस्ती चक्र नियमित असेल तरच करायची. कधी ३० तर कधी ५० दिवसांनी येणाऱ्या पाळीची सरासरी काढून आकडा बसवणं व्यर्थ आहे. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, किंवा अंगावर पाजत असताना पाळी नीट सुरू होण्याआधीच दिवस गेले असतील, तर पाळीवरून काढलेली तारीख कच्ची समजा. आणखी एक सापळा आहे. गर्भ रुजताना काहींना थोडा रक्तस्राव होतो आणि तीच पाळी समजली जाते. मग गरोदरपण खऱ्यापेक्षा जवळजवळ चार आठवडे लहान दिसतं. म्हणून ‘शेवटची पाळी कधी?’ एवढं विचारून थांबू नका. ‘ती नेहमीसारखी होती का, तितकेच दिवस होती का, त्याच्या आधीची कधी आली होती?’ हेही विचारा. तारीख आठवत नाही म्हणून १ किंवा १५ सांगणाऱ्या पुष्कळ असतात. असा गोल आकडा आला की पुन्हा विचारलेलं बरं.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार केला असेल तेव्हा, पाळीचा संबंधच सोडा. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस, तीन दिवसांचा असेल तर २६३.

सोनोग्राफीनं तारीख कधी बदलायची

पहिल्या १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, मोजून वय काढतात आणि तेच सगळ्यात भरवशाचं. लांबी ८४ मिमीच्या पुढे गेली की हे माप सोडून डोक्याची मापं धरतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा अशी: ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत पाळी आणि सोनोग्राफी यांच्यात ५ दिवसांहून जास्त फरक असेल तरच तारीख बदला, ९ आठवड्यांपासून १५ आठवडे ६ दिवसांपर्यंत ७ दिवसांहून जास्त, १६ ते २१ आठवडे ६ दिवस, १० हून जास्त, २२ ते २७ आठवडे ६ दिवस, १४ हून जास्त, २८ आठवड्यांनंतर २१ हून जास्त. इथे आठवडे धरायचे ते पाळीवरून मोजलेले.

मर्यादा वाढत जाते कारण सुरुवातीला सगळी बाळं जवळपास एकाच गतीनं वाढतात, पुढे प्रत्येकाची चाल वेगळी होते. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ लहान दिसलं की रिपोर्टवर नवी, पुढची तारीख छापून येते आणि घरचे तीच धरून बसतात. प्रत्यक्षात तारीख बरोबर असते आणि बाळाची वाढ खुंटलेली असते. तारीख पुढे ढकलली की तो आजार कागदावरून नाहीसा होतो. म्हणून नियम कडक ठेवा: पहिल्या चांगल्या सोनोग्राफीनंतर तारीख एकदाच ठरवायची, कागदावर ठळक लिहायची आणि नंतरच्या रिपोर्टांवर छापलेली ईडीडी वाढ तपासण्यापुरतीच वाचायची.

आठवडे मोजणं

पाळीचा पहिला दिवस शून्य. ८ ऑगस्ट २०२५ पासून २० जानेवारी २०२६ पर्यंत: ऑगस्टचे उरलेले २३, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारीचे २०. बेरीज १६५. सातानं भागलं की २३ आठवडे ४ दिवस. पडताळा उलट बाजूनं घ्या: २० जानेवारी ते १५ मे ११५ दिवस, आणि २८० वजा ११५ म्हणजे १६५. दोन्ही जुळले तर हिशेब पक्का.

लिहिताना ‘२३ आठवडे ४ दिवस’ असंच पूर्ण लिहा. ‘२४वा आठवडा’ लिहिलं की पुढचा वाचणारा २४ पूर्ण समजतो. फुफ्फुसं पक्व होण्यासाठी द्यायची इंजेक्शनं, मुदतीआधीची प्रसूती (३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची), कळा आणायच्या की थांबायचं हा निर्णय, हे सगळं याच आकड्यावर ठरतं. ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंत पूर्ण मुदत, ४२ आठवडे झाले की मुदत उलटली.

ठरलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या शंभरात जेमतेम चार-पाच. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुंतागुंत नसलेल्या पहिलटकरणींचा मधला कालावधी पाळीपासून २८८ दिवस आणि आधी बाळंतपण झालेल्यांचा २८३ दिवस निघाला. म्हणजे नेगेलेंची तारीख थोडी अलीकडचीच म्हणायची. पण म्हणून तुम्ही परस्पर आठ दिवस वाढवू नका. ३७, ४१, ४२ आठवड्यांचे सगळे टप्पे २८० दिवसांच्या मापावरच बेतलेले आहेत.

कागदावर ‘नेगेले’ दिसलं तर

हे नाव एका नियमापुरतं नाही, त्यामुळे फाइल वाचताना गल्लत होते. बाळाचं डोकं कमरेच्या हाडांच्या पोकळीतून कसं वळत उतरतं, यावर त्यांनी १८१९ मध्ये लेख लिहिला. डोकं एका बाजूला कललेलं असून आईच्या पोटाकडचं कवटीचं हाड पुढे येत असेल तर त्याला नेगेलेचा कल म्हणतात. नेगेलेंना तो नेहमीचाच वाटायचा. नंतरच्यांनी ते मान्य केलं नाही. नेगेलेचा चिमटा हा प्रसूतीचा फोर्सेप्स. आणि नेगेलेचा कटिभाग म्हणजे १८३९ च्या त्यांच्या ग्रंथातला कमरेच्या हाडांचा तिरका आकसलेला सांगाडा: पाठीकडच्या त्रिकास्थीची (कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाची) एक बाजू खुरटलेली, त्या बाजूचा सांधा हाडानं जुळून गेलेला. बाहेरून बाई धडधाकट दिसते आणि नेहमीची समोरून-मागची मापंही ठीक भरतात. म्हणून डाव्या बैठकीच्या हाडापासून उजव्या कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि उजवीकडून डावीकडे अशी तिरकी मापं घेऊन त्यांची तुलना करायला त्यांनी सांगितलं. दोन्हींत ठळक फरक निघाला की संशय घ्यायचा.