युद्धात किती माणसं गेली? बातमीतला आकडा वाचायचा कसा

युद्धाच्या बातमीत रोज येतं ना, इतके ठार इतके जखमी. तो आकडा खोटाच असतो असं नाही, पण बहुतेक वेळा तो बॉम्ब, गोळी नाहीतर ढिगाऱ्याखाली मेलेल्यांचा असतो. जुलाबाने गेलेलं मूल, डायलिसिस बंद पडल्यामुळे गेलेला पेशंट, बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही म्हणून गेलेली बाई, ही माणसं त्यात नसतात, आणि युद्ध लांबलं की बऱ्याचदा हीच जास्त असतात. येमेनचं बघा, २०२१ संपेपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यू झाले असतील असा यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) अंदाज होता आणि त्यातले साधारण ६० टक्के उपासमार, आजार, उपचार न मिळणं असल्या कारणांचे. म्हणजे नुसती लढाईतली माणसं मोजली तर अर्ध्याहून जास्त हिशोबातच येत नाहीत.

म्हणून पहिलं हे बघायचं की कोणी मोजलंय आणि नक्की काय मोजलंय. एकेक मृत्यू पडताळून केलेली यादी वेगळी आणि सर्व्हे करून काढलेला अंदाज वेगळा. युक्रेनमधल्या नागरिकांचे आकडे देताना संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय स्वतःच सांगतं की हे फक्त पडताळलेले आहेत, खरे याहून जास्त असणार, पण बातमीत हे वाक्यच गाळलेलं असतं. असा आकडा आपण किमान इतके असा वाचायचा.

दुसरं म्हणजे दर काढायचा, हे कोणालाही जमतं. मदतकार्यातली माणसं दर १० हजार लोकांमागे रोज किती मेले ते बघतात, १ च्या वर गेला की आणीबाणी धरतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी त्याच वयाच्या १० हजार मुलांमागे रोज २. समजा छावणीत ५० हजार लोक आहेत आणि रोज १२ मरतायत, ऐकायला १२ काही फार वाटत नाही, पण भागून बघा, २.४ येतो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त!! लोकसंख्या माहीत नसेल तर नुसत्या मृतांच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मग 'अतिरिक्त मृत्यू' हा शब्द दिसला की थोडं थांबा. शांततेच्या काळातही माणसं मरतात, त्यापेक्षा किती जास्त मेली हे काढायचं असतं, आणि सगळा वाद त्या 'शांततेच्या काळातल्या' दरावरच होतो. काँगोमध्ये इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या मदतसंस्थेने १९९८ ते २००७ साठी ५४ लाख हा अंदाज काढला, बहुतेक मृत्यू ताप-मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांचे. पण त्यांनी मूळ दर धरला होता महिन्याला हजारी १.५, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी, आणि टीका करणारे म्हणाले की काँगोचा दर युद्धाआधीच त्याहून जास्त होता. मूळ दर जरासा वर सरकवला तरी लाखोंनी फरक पडतो. याचा अर्थ तिथे माणसं मेलीच नाहीत असा कोणी काढू नये, काही जण काढतात!

शेवटच्या अंकापर्यंत नेमका आकडा दिसला की मला तर आधी शंकाच येते. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इराकमधल्या अतिरिक्त मृत्यूंचा जो ६,५४,९६५ आकडा आला तो सगळीकडे छापला गेला, पण त्याची रेंज, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असण्याची शक्यता जास्त ती, होती ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. आकड्यासोबत रेंज दिली नसेल तर शोधायची, आणि दोन अभ्यास सरळ शेजारी ठेवून भांडत बसायचं नाही, एक फक्त हिंसक मृत्यू मोजत असतो तर दुसरा सगळेच.

साथीचे आकडे वाचताना 'संशयित' हा शब्द बघा. येमेनमध्ये २०१७ संपता संपता कॉलराचे संशयित रुग्ण १० लाखांवर गेले होते, सगळ्यांची लॅबमध्ये तपासणी झालेली नव्हती, अशा ठिकाणी ती होऊही शकत नाही. पोलिओचं मात्र उलटं. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये १० महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचं नक्की झालं, २५ वर्षांतली पहिली केस. एकच ना, असं वाटतं, पण पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांतल्या एकालाच लकवा होतो, म्हणजे विषाणू तोपर्यंत किती मुलांमध्ये फिरून आला असेल ते बघा.

मृत्यूंच्या आधीच्या खुणा कळायला हव्या असतील तर पाण्याच्या बातम्या वाचा, त्या आतल्या पानावर असतात. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की सांडपाणी साचतं, क्लोरीन येत नाही, लोक मिळेल ते पाणी पितात. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, हे मदतकार्याचं मानक आहे, छावणीत ५ लिटर मिळतंय असं वाचलं तर जुलाबाच्या साथीची शक्यता धरूनच चाला. १९९४ मध्ये काँगोच्या सीमेवरच्या गोमा शहरात रवांडाचे निर्वासित लोटले तेव्हा पहिल्या महिन्यातच साधारण ५० हजार गेले, मुख्यतः कॉलरा आणि हगवणीने. गोवराची लस थांबली, गर्दी वाढली आणि मुलं कुपोषित असली तर गोवरही तसाच पसरतो.

आणि आकडा अचानक कमी झाला तर लगेच हायसं वाटून घेऊ नका. जी हॉस्पिटलं मृत्यू नोंदवत होती ती चालू आहेत का, फोन-इंटरनेट आहे का, ढिगाऱ्यापर्यंत कोणी पोचतंय का ते आधी बघा. यातलं काही बंद असेल तर कमी झालीय ती नोंद.