चणीने लहान असशील, तर रग्बी अशी शिक

चौदा-पंधरा वर्षांचं, ४५ किलोच्या आसपासचं पोरगं माझ्याकडे रग्बी शिकायला आलं की पहिला प्रश्न वजनाचा असतो: ताई, काय खाऊ म्हणजे अंग भरेल? मी त्याला आधी टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं, शिकवते. अंग वयाबरोबर भरतं, त्याची घाई करून उपयोग नाही. दांडग्या पोराला नीट खाली आणणं मात्र आजपासून शिकता येतं. ते जमलं की भीती जाते, आणि मग बाकीचा खेळ शिकायला डोकं मोकळं होतं.

तू कबड्डी खेळला असशील तर खाली वाकायची सवय असेल, ती उपयोगी आहे. पण हाताने घोटा धरायची सवय सोड. रग्बीत आधी खांदा लागतो, मग हात. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, तिथेच हूल मिळते. नजर त्याच्या चड्डीवर ठेव. छोटी पावलं टाकत जवळ जा, पुढचं पाऊल त्याच्या पायाजवळ पडू दे. लांबून झेप घेतलीस तर तो निसटतो, नाहीतर त्याचा गुडघा तुझ्या डोक्यात बसतो. पाठ सरळ, डोळे उघडे. खांदा मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर. बाजूने टॅकल करताना डोकं त्याच्या पाठीमागच्या अंगाला, गाल ढुंगणाला टेकलेला. डोकं त्याच्या पुढ्यात आडवं जाता कामा नये. मानेच्या आणि डोक्याच्या वाईट दुखापती अशाच होतात. मग दोन्ही हातांनी मांड्या आवळ आणि स्वतःचे पाय चालत ठेव. पाय एकत्र बांधले गेले की ८० किलोचा गडीही पडतो.

सराव आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू धावत, आणि दोन्ही खांद्यांनी. जोडीदार तुझ्याच वजनाचा असू दे. शिकतानाच कुणी दुप्पट अंगाचा गडी समोर उभा केला तर प्रशिक्षकांना स्पष्ट सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता जागा. नऊ नंबरचा स्क्रम-हाफ (गर्दीतून चेंडू उचलून पास देणारा), विंग (मैदानाच्या कडेने पळणारा) आणि फुल-बॅक (सगळ्यात मागे राहणारा) या जागा चपळ पोरांच्या. जपानचा फुमिआकी तनाका १६६ सेंटिमीटरचा, आणि २०१५ च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं तेव्हा नऊ नंबरला सुरुवात त्यानेच केली. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेलला चकवून ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला. कोल्बेची उंची साधारण पाच फूट सात इंच. त्याची चित्रफीत बघताना पायांकडे बघ: वेग किंचित कमी करतो, बचाव करणाऱ्याचं वजन एका पायावर येऊ देतो आणि मग दुसऱ्या बाजूने सुटतो. अंगावर धडकण्यापेक्षा दोघांमधली फट शोध.

स्क्रम-हाफ व्हायचं असेल तर जमिनीवरून पास रोज. मागचा पाय चेंडूजवळ, पुढचा पाय पास द्यायच्या दिशेने. चेंडू छातीशी न आणता किंवा मागे न नेता थेट झोकायचा, शेवटी बोटं निशाणाकडे. जोडीदार नसेल तर भिंतीवर छातीच्या उंचीला खडूने चौकोन काढ. कच्च्या हाताचे पास दुप्पट मार. पंधरा वर्षांपासून पाच नंबरचा चेंडू, त्याआधी चार नंबरचा.

ताकदीसाठी दंड, बैठका, पुल-अप, प्लँक आणि अस्वलासारखं चार पायांवर चालणं, आठवड्यातून तीन दिवस. मानेसाठी कपाळाला तळहात लावून डोकं हलू न देता दाब द्यायचा. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. वजनं उचलल्याने उंची खुंटते ही समजूत खरी नाही, पण शिकवणारा समोर हवा आणि पद्धत बसल्याशिवाय वजन वाढवायचं नाही. धावणं म्हणजे नुसत्या मैदानाच्या फेऱ्या नकोत. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात आणि मैदान पूर्ण आकाराचं. म्हणून २० ते ३० मीटर जीव तोडून पळ, चालत परत ये, दम पूर्ण भरू दे, पुन्हा पळ. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर उड्या आणि धावणं कमी कर, दुखणं दाबून खेळू नकोस.

खाण्यात अंडी, दूध, मटकीची उसळ, भाजलेले चणे, शेंगदाणे, आणि सरावाआधी केळं. पावडरच्या डब्यावर घरच्यांचे पैसे घालवू नकोस. झोप आठ ते दहा तास.

तोंडात माउथगार्ड सरावालाही हवं. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा काही आठवेनासं झालं तर लगेच बाहेर ये. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, अंतिम सामना असला तरी. घरी त्याच संध्याकाळी सांग, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय टॅकलच्या सरावाला येऊ नकोस.